छंद म्हणून ग्राफिक डिझाइन: सॉफ्टवेअर फुकटचं की विकतचं?

डिझाइनची आवड लागली की पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो: फोटोशॉप घ्यावं, की फुकट मिळतं ते चालेल? चार जणांना विचारलं तर चार उत्तरं मिळतात. व्यवसायाने डिझायनर असलेला माणूस आपलं रोजचं साधन सुचवतो, छापखान्याशी संबंध आलेला कोरलड्रॉ म्हणतो, आणि मोबाइलवर पोस्ट बनवणारा कॅनव्हाच्या पलीकडे काही लागतच नाही असं सांगतो. त्यांच्या कामापुरतं प्रत्येकाचं बरोबर असतं. पण छंद म्हणून काम करणाऱ्याची गरज या सगळ्यांपेक्षा वेगळी असते, आणि ती ओळखली की निवड बरीच सोपी होते.

छंदाचं काम सलग होत नाही. एखाद्या महिन्यात रोज रात्री बसणं होतं, मग घरचं काही निघतं, नोकरीत धावपळ वाढते आणि पुढचे तीन महिने एकही फाइल उघडली जात नाही. दर महिन्याला पैसे कापून घेणारं सॉफ्टवेअर रोज वापरणाऱ्याच्या हिशेबाने बेतलेलं असतं. म्हणून हौशी माणसाने किमतीआधी दोन गोष्टी तपासाव्यात: मी वापरलं नाही त्या महिन्यांत काय होतं, आणि वर्षभराने परत आलो तर माझीच जुनी फाइल मला उघडता येईल का. माझं मत असं, की सुरुवात फुकटच्या साधनांनीच करावी. ती आता इतकी सक्षम आहेत की नवशिक्याचं काम त्यांच्यामुळे अडत नाही. पैसे भरायची वेळ पुढे येऊ शकते, पण ती एखादं ठरावीक काम अडल्यावर येते.

आधी काय बनवायचंय ते ठरवा

ग्राफिक डिझाइन या एका नावाखाली वेगवेगळी कामं येतात आणि प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं असतं. यातला सर्वांत महत्त्वाचा फरक रास्टर आणि व्हेक्टरचा.

फोटो म्हणजे रास्टर. तो पिक्सेलचा, म्हणजे रंगीत ठिपक्यांचा बनलेला असतो आणि ठिपक्यांची संख्या ठरलेली असते. समजा, तुम्ही १०८० बाय १०८० पिक्सेलची चौकोनी पोस्ट बनवली. स्क्रीनवर ती छान दिसते. आता तीच छापायची आहे. चांगल्या छपाईसाठी साधारणपणे दर इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे तुमची पोस्ट ३.६ इंचांची, जेमतेम ९ सेंटिमीटरची होते. पूर्ण ए-४ कागद भरायचा तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. छोटं चित्र ताणून मोठं केलं तर कडा फुटतात, कारण नसलेले ठिपके सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं.

व्हेक्टरमध्ये ठिपके नसतात. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशा वळणाची रेघ, आत अमुक रंग, अशी गणिती नोंद असते. त्यामुळे तोच लोगो पेनावर छापा किंवा भिंतीएवढा करा, कड तेवढीच स्वच्छ राहते. लोगो, चिन्हं, स्टिकर, अक्षरांची सजावट हे सगळं व्हेक्टरमध्ये करावं. नवशिके लोगो फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये करायला घेतात आणि मोठा छापायची वेळ आली की पहिल्यापासून करत बसतात. असं होऊ नये म्हणून एवढा एक फरक आधी समजून घेतलेला बरा.

आता कामानुसार साधनं. फोटो दुरुस्त करणं, पार्श्वभूमी काढणं, दोन चित्रं जोडणं यासाठी विकतचं फोटोशॉप, फुकटचं गिम्प, किंवा ब्राउझरमध्येच चालणारं फोटोपी. व्हेक्टरसाठी विकतची इलस्ट्रेटर आणि कोरलड्रॉ, फुकटचं इंकस्केप. हाताने चित्र काढल्यासारखं रंगवायचं असेल तर फुकटचं क्रिटा, आयपॅड असेल तर एकदाच पैसे भरून मिळणारं प्रोक्रिएट. पुस्तिका, मासिक, अनेक पानांचा मजकूर यासाठी विकतचं इनडिझाइन, फुकटचं स्क्रायबस. अॅप किंवा वेबसाइटचे स्क्रीन आखायचे तर फिग्मा. आणि तयार साच्यात मजकूर बदलून दहा मिनिटांत शुभेच्छापत्र हवं असेल तर कॅनव्हा उत्तम, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त साच्यात मजकूर बदलणं आणि कोऱ्या पानावर स्वतः मांडणी करणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. तुम्हाला कुठलं हवंय ते स्वतःशी स्पष्ट असू द्या.

फुकट म्हणजे कोणत्या अर्थाने फुकट?

इथे थोडं थांबायला हवं, कारण एकाच शब्दाखाली तीन-चार वेगळे व्यवहार चालतात.

पहिला प्रकार ओपन सोर्स. गिम्पची सुरुवात १९९५ मध्ये स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (बर्कली) दोन विद्यार्थ्यांनी केली. इंकस्केप २००३ मध्ये सोडीपोडी नावाच्या आधीच्या प्रोग्रामपासून वेगळं झालं. या सॉफ्टवेअरचा मूळ कोड खुला असतो, आणि ते कोणत्याही कामासाठी वापरायचा, दुसऱ्याला द्यायचा हक्क परवान्यातच लिहिलेला असतो. त्यात बनवलेलं चित्र तुमचं, ते विकलंत तरी कुणाची परवानगी लागत नाही. उद्या बनवणाऱ्यांनी काम थांबवलं तरी तुमच्याकडची प्रत चालत राहते. छंदाच्या दृष्टीने हा फार मोठा आधार आहे. क्रिटाची थोडी गंमत आहे: त्यांच्या वेबसाइटवरून ते फुकट मिळतं, पण स्टीम आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअर या ऑनलाइन दुकानांत विकत. सॉफ्टवेअर तेच, ते पैसे पुढच्या कामाला जातात. ही साधनं उतरवून घेताना मात्र त्यांच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्या. शोधल्यावर वर येणाऱ्या भलत्याच डाउनलोड साइटवर सोबत नको ते प्रोग्राम चिकटवलेले असू शकतात.

दुसरा प्रकार, थोडं फुकट आणि बाकी पैशाचं. कॅनव्हा आणि फिग्मा यात येतात. फुकटच्या भागात खरोखर काम होतं, पण कुठली सोय कुठल्या बाजूला ठेवायची हे कंपनी ठरवते आणि ते बदलतही राहते. शिवाय कॅनव्हामधली तयार चित्रं आणि चिन्हं तुमच्या एकट्याची नसतात. तेच चिन्ह हजारो लोक वापरू शकतात. त्यामुळे ते घालून केलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून स्वतःच्या नावावर करता येत नाही. घरच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेला याने काही फरक पडत नाही. पुढे स्वतःचा छोटा व्यवसाय काढायचा मनात असेल तर पडतो.

तिसरा प्रकार जाहिरातींवर चालणारा, फोटोपीसारखा. बाजूला जाहिराती दिसतात, पैसे भरले तर जातात. पण फोटोपीचं एक वैशिष्ट्य सांगण्यासारखं आहे: ब्राउझरमध्ये चालत असलं तरी फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते, त्यांच्या सर्व्हरवर चढत नाही. फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडून पाहायला यासारखी सोय नाही.

चौथा प्रकार अलीकडचा. अफिनिटी हे सॉफ्टवेअर एकदाच पैसे भरून मिळायचं आणि त्यासाठीच ते हौशी लोकांत लोकप्रिय होतं. मार्च २०२४ मध्ये कॅनव्हाने ते बनवणारी सेरिफ कंपनी विकत घेतली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये फोटो, व्हेक्टर आणि पानांची मांडणी या तिन्ही गोष्टी एकाच प्रोग्राममध्ये आणून तो फुकट केला. कॅनव्हाचं खातं मात्र लागतं आणि एआयच्या सोयी पैसे भरणाऱ्यांसाठी आहेत. साधन खरंच चांगलं आहे, जरूर वापरून पाहावं. तरी ओपन सोर्स आणि हे फुकट एकच नव्हे, हे लक्षात असू द्या. इथे फुकट देणं हा कंपनीचा निर्णय आहे, तिथे तो तुमचा हक्क आहे.

पाचवा मार्गही बरेच जण धरतात, विकतच्या सॉफ्टवेअरची क्रॅक, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेली प्रत. तो धरू नका. तो चोरीचा आहे, त्यासोबत कॉम्प्युटरमध्ये व्हायरस येण्याचा धोका मोठा आहे, आणि इतकी चांगली फुकट साधनं असताना त्याची गरज उरलेली नाही.

देवनागरीची परीक्षा

मराठीत काम करणाऱ्याने सॉफ्टवेअर निवडताना एक चाचणी घेतलीच पाहिजे. इंग्रजीतल्या तुलनात्मक लेखांत ती सहसा सापडत नाही, कारण रोमन लिपीत ही अडचणच येत नाही.

युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, मराठी अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी साठते, पण दिसताना वेलांटी क च्या आधी यावी लागते. ‘वर्षा’ मधला र साठतो ष च्या आधी, पण दिसतो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ही हलवाहलव फॉन्ट एकट्याने करत नाही. सॉफ्टवेअरच्या आत अक्षरं जुळवणारं एक इंजिन असतं, ते करतं. ते नसेल किंवा बंद असेल तर वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं हलंत होऊन सुटी पडतात आणि ‘वर्षा’मधला र रफार न होता पाय मोडलेला सुटा दिसतो.

म्हणून नवं सॉफ्टवेअर उघडलं की रंग, ब्रश, इफेक्ट बघण्याआधी मजकुराचं टूल घ्या, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता असा युनिकोड फॉन्ट लावा आणि एवढं टाइप करा: किर्लोस्कर, वर्षा, विद्यार्थिनी, दृष्ट्या, क्षितिज, दुसऱ्या, तऱ्हा. शेवटचे दोन शब्द मुद्दाम आहेत. ‘दुसऱ्या’मधला र रफार होता कामा नये, तो य ला आडव्या चंद्रकोरीसारखा लागला पाहिजे. हा र मराठीत जागोजागी लागतो, हिंदीत नाही, त्यामुळे हिंदीपुरती तपासणी केलेल्या ठिकाणी नेमका इथेच घोटाळा सापडतो. हे सात शब्द नीट दिसले की निश्चिंतपणे पुढे जा.

इंकस्केप आणि गिम्प मजकुरासाठी पँगो आणि हार्फबझ ही खुली इंजिनं वापरतात, त्यामुळे तिथे देवनागरी नीट येते. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्येही येते, पण जुन्या आवृत्त्यांत प्राधान्यांमध्ये (प्रेफरन्सेसमध्ये) जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा किंवा वर्ल्ड-रेडी मांडणीचा पर्याय आधी चालू करावा लागतो. तो बंद असल्याने मराठी तुटलेली दिसते आणि लोक फॉन्टला दोष देत बसतात. अफिनिटीच्या आधीच्या दोन्ही पिढ्यांत भारतीय लिप्यांची जुळणी नव्हती. आताच्या आवृत्तीत मराठी काम करायचं असेल तर ही चाचणी घेऊनच ठरवा. गरज पडली तर मजकूर इंकस्केपमध्ये लिहायचा, त्याचं आकारात म्हणजे कर्व्हमध्ये रूपांतर करायचं, एसव्हीजी या व्हेक्टर फाइलच्या प्रकारात जतन करायचं आणि दुसरीकडे आणायचं. कर्व्ह केल्यावर मजकूर बदलता येत नाही, म्हणून टाइप केलेली मूळ प्रत वेगळी ठेवा.

फॉन्टचा परवानाही बघत चला. मुक्ता, नोटो यांसारखे फॉन्ट ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत, ते व्यावसायिक कामातही चालतात. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलेला फॉन्ट पैसे घेऊन केलेल्या कामात वापरता येत नाही.

फुकटचं शिकून वाया जाईल का?

नवशिक्याला खरी भीती याची असते. आज गिम्प शिकलो आणि उद्या फोटोशॉप घ्यावं लागलं तर सगळं पुन्हा शिकायचं का?

नाही. पेन टूलचं, म्हणजे व्हेक्टरची रेघ काढायच्या साधनाचं, उदाहरण घेऊ. इंकस्केपमध्ये साधं झाडाचं पान काढायला घ्या. नवशिक्या कडेकडेने टिचक्या मारत जातो, तीस-चाळीस बिंदू होतात आणि कड हाताने फाडलेल्या कागदासारखी दिसते. खरं तर पानाला दोनच बिंदू पुरतात, एक देठाशी आणि एक टोकाशी. पहिल्या जागी बटण दाबून धरून माऊस ओढला की बिंदूतून एक दांडी निघते. ती जितकी लांब तितकं वळण फुगीर, आणि ती ज्या दिशेला तिकडे रेघ निघते. दुसऱ्या बिंदूवर तसंच करायचं, मग परत पहिल्यावर येऊन आकार बंद करायचा. नंतर दांड्या हलवून पोट हवं तसं फुगवायचं. यालाच बेझिए वक्र म्हणतात. रेनो या मोटार कंपनीतले अभियंते पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात गाड्यांच्या बाह्याकारासाठी ही पद्धत रूढ केली. १९८७ च्या पहिल्या इलस्ट्रेटरमध्ये ते पेन होतं आणि आजही सगळीकडे तेच आहे. कमी बिंदूंत गुळगुळीत वळण काढायची सवय एकदा हाताला लागली की सॉफ्टवेअर बदललं तरी ती तशीच राहते. लेयर (चित्राचे एकावर एक थर), मास्क (थराचा काही भाग झाकणं), पारदर्शकता, रंगांचा मेळ, अक्षरांमधलं अंतर यांचंही तेच. बदलतात ती बटणांच्या जागा आणि शॉर्टकट, आणि ते काही दिवसांत अंगवळणी पडतं.

गिम्पबद्दल एक रास्त तक्रार मात्र अनेक वर्षं होती: एखादा इफेक्ट दिला की तो चित्रात कायमचा मिसळायचा, नंतर त्यात फेरफार करता येत नसे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर लेयरवर वेगळे राहतात आणि हवे तेव्हा बदलता येतात. तेव्हा जुने व्हिडिओ पाहून गिम्पबद्दल मत बनवू नका.

पैसे कधी मोजावेत

काही कामांत विकतची साधनं खरोखर पुढे आहेत. छपाई हे त्यातलं मोठं काम. स्क्रीन लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळून रंग दाखवते आणि छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई वापरते. पहिल्या पद्धतीला आरजीबी म्हणतात, दुसरीला सीएमवायके. स्क्रीनवरचे झगझगीत हिरवे-निळे शाईत तसे उतरतच नाहीत. इंकस्केपचा कारभार मुख्यतः आरजीबीत चालतो. गिम्पमध्ये छपाईत रंग कसे दिसतील ते पाहता येतं, पण मूळ चित्रावरचं काम सीएमवायकेत होत नाही. क्रिटा, स्क्रायबस आणि अफिनिटीत ही सोय आहे, म्हणजे इथेही फुकटात मार्ग निघतो. पण दर महिन्याला छपाईची कामं करायला लागलात तर विकतच्या साधनातली सफाई वेळ वाचवते. दुसरं कारण सोबतच्या लोकांचं. गटातले सगळे इलस्ट्रेटरच्या फाइली पाठवत असतील तर रोज रूपांतर करत बसण्यात आनंद नाही. तिसरं, रोज लागणारी एखादी ठरावीक सोय, जी फुकटच्या साधनात अर्धा तास घेते आणि विकतच्यात एक मिनिट. यातलं काही लागू नसेल तर पैसे फॉन्टवर, एखाद्या चांगल्या वर्गावर किंवा चित्र काढायच्या टॅब्लेटवर घालवलेले बरे. रंगवायची आवड असेल तर दाब ओळखणाऱ्या पेनाने जेवढा फरक पडतो तेवढा सॉफ्टवेअर बदलून पडत नाही.

पैसे भरायचं ठरलं तर व्यवहार नीट वाचा. फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन बनवणाऱ्या अडोबीने २०१३ मध्ये कायमची प्रत विकण्याऐवजी सबस्क्रिप्शनचा मार्ग धरला. सबस्क्रिप्शनमध्ये ‘महिन्याला भरा’ दिसलं तरी करार वर्षाचा असू शकतो, आणि मध्येच सोडल्यास उरलेल्या रकमेचा काही भाग दंड म्हणून द्यावा लागतो. जून २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने याच मुद्द्यावरून अडोबीवर खटला भरला, दंडाची अट ग्राहकांना नीट दिसत नाही असा आरोप करून. छंदासाठी घेत असाल तर खरोखर महिन्यापुरता असलेला पर्याय निवडा, तो महिन्याच्या हिशेबाने महाग असला तरी. तीन महिने वापरून थांबणाऱ्याला तोच शेवटी स्वस्त पडतो. विद्यार्थी असाल तर सवलतीची योजना आहे का ते आधी पाहा, आणि सवलत संपल्यावर दर किती होतो तेही.

आणि बंद करायच्या आधी फाइली बाहेर काढा. पीएसडी गिम्प, क्रिटा, फोटोपी आणि अफिनिटीत उघडते, पण स्मार्ट ऑब्जेक्ट (आत मूळ चित्र जपून ठेवणारे लेयर) आणि काही इफेक्ट तसेच येतील याची खात्री नसते, म्हणून अंतिम चित्राची पूर्ण आकाराची पीएनजी किंवा टिफ प्रत सोबत ठेवा. इलस्ट्रेटरची फाइल जतन करताना पीडीएफ-सुसंगततेचा पर्याय चालू असेल तर इंकस्केप तिला उघडतं, तरी एसव्हीजी वेगळी काढलेली चांगली. इनडिझाइनची मूळ फाइल इतरत्र सहसा उघडत नाही. तिची आयडीएमएल, म्हणजे देवाणघेवाणीच्या प्रकारातली प्रत काढून ठेवली तर अफिनिटी आणि स्क्रायबसमध्ये ती आणता येते. सबस्क्रिप्शनसोबत मिळालेले फॉन्टही बंद झाल्यावर जातात, म्हणून जिथे ते वापरले असतील त्या कामाची कर्व्ह केलेली पीडीएफही काढा. हे सगळं सबस्क्रिप्शन चालू असतानाच करायचं असतं. मुदत संपल्यावर एका जुन्या पुस्तिकेतलं नाव बदलायचं झालं, तरी पुन्हा महिन्याचे पैसे भरावे लागतात.